न फळलेला नवस

माझ्या नवऱ्याचं नाव आत्माराम. आता मी खुशाल नाव घेते, तेव्हा घेत नसे. तेव्हा ‘हे’ म्हणायची, आणि डोकं फिरलं की तेही नाही, सरळ ‘तुळसाचा बाप’. सत्त्याऐंशी सालच्या शिमग्याआधी आमच्या घरात नुसता ‘तुळसाचा बाप’ चालू होता. तुळसा, बापाला सांग पेज वाढलीय. तुळसा, बापाला सांग पँट दोरीवर आहे. पोर तिसरीत होती. दोघांच्या मधे उभी राहून निरोप पोचवून बिचारी कंटाळली. एकदा म्हणाली, आई, बाबा इथंच बसलेत, त्यांना ऐकू येतं. मी म्हटलं, येऊ दे, तू सांगायचं काम कर.

भांडण कर्जाचं होतं. म्हणजे वरवर तसं दिसायचं. कर्ज कुणाला नसतं हो? माझ्या बापालाही होतं, पण तो संध्याकाळी घरी येऊन आईला सांगायचा, आज अमक्याकडून एवढे घेतले. आई कपाळाला हात लावायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. आमच्याकडे उलटं. आमच्याकडे सगळं ‘झक्कास’ चाललेलं असायचं.

आमची वाडी पुळ्याच्या रस्त्याला, कातळावर. हे मुंबईला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. दुकानाच्या मालकाने जागा विकली तसे घरी आले, आणि येताना डोक्यात एक किडा घेऊन आले. म्हणाले, मुंबईत आता लोक थेटरात जात नाहीत, घरात व्हिडिओ आणतात. आपल्याकडे सत्यनारायण किती होतात बघ. लग्नं, बारशी, मे महिन्यात आलेले चाकरमानी. रंगीत टीव्ही, व्हिडिओ आणि एक जनरेटर घेतला की वाडीवाडीत भाड्याने द्यायचा. लोक रात्रभर सिनेमे बघतील आणि आपण सकाळी पैसे मोजू.

मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? रंगीत टीव्ही आपल्या घरात येणार म्हटल्यावर कुणाला पटणार नाही? पतपेढीने कर्ज दिलं, पण तिला पगारदार जामीन पाहिजे होता. आमच्या भावकीत पगारदार म्हणजे मुंबईचे, आणि मुंबईचे सगळे हात वर करून मोकळे झाले. मग माझा भाऊ भिकू. तो रत्नागिरीत शाळेत शिपाई. मी त्याच्याकडे गेले, त्याने दुसरं काही विचारलं नाही. राही, तू सांगतेस ना, म्हणाला, आणि सही करून दिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्या रागाचं मूळ तिथं आहे.

टीव्ही-व्हिडिओचा सेट आला तो त्याआधीच्या, शहाऐंशीच्या शिमग्याच्या तोंडावर. आमच्याकडे शिमग्याला नवलाईदेवीची पालखी घरोघरी येते. पुरुष पालखी घेऊन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येतात, घरची बाई खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालते, देवीची ओटी भरते, आणि मग गुरव नारळ हातात घेऊन त्या घरातर्फे देवीला गाऱ्हाणं घालतो. घरच्या माणसाने त्याच्या कानात सांगायचं आणि त्याने सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं मोठ्याने बोलायचं. दर वाक्याला जमलेली माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. म्हणजे देवीकडे काय मागितलं ते फक्त देवीलाच कळतं असं नाही, शेजारच्या जाईबाईलाही कळतं.

तर त्या शिमग्याला ह्यांनी केरूतात्या गुरवाच्या कानात सांगितलं, आणि केरूतात्याने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, की आई नवलाई, ह्या लेकराचा व्हिडिओचा धंदा चालव, पुढच्या शिमग्याला तो तुझ्या पालखीवर चांदीचं छत्र चढवील. व्हय म्हाराजा. मी ओटीचं ताट घेऊन ऐकत उभी होते. नारळाचा नवस बोलतात, फार तर साडीचा बोलतात. धंद्याचा पहिला रुपया यायचा होता आणि आम्ही चांदीवर गेलो होतो.

मे महिना बरा गेला. एकेका रात्रीला दोन-दोन ठिकाणची मागणी यायची. मग लागला पावसाळा. कोकणातल्या पावसात आमच्या अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथं त्या कॅसेटी काय टिकणार. पांढरी बुरशी धरली. बुरशीची कॅसेट घातली की मशीनचं आतलं काहीतरी बिघडायचं. हे दिवसभर ते उघडून कापसाने पुसत बसायचे, मी चुलीजवळ फडक्यात गुंडाळून कॅसेटी शेकत ठेवायची. गणपतीत भावकीने व्हिडिओ नेला. भावकीला पैसे मागायचे कसे? दिवाळीला देतो म्हणाले, दिवाळीला तुळशीच्या लग्नाला देतो म्हणाले. तोवर बाजारात दोन नवी दुकानं झाली, त्यांनी निम्म्या भाड्यात सेट द्यायला सुरुवात केली. आमचा माळ्यावर गेला.

धंदा बसला हे मला दिसत होतं, मी आंधळी नव्हते. पण मी विचारायची, हप्ता भरलात? हे म्हणायचे, भरला. दर महिन्याला भरला. जनरेटर एक दिवस दिसेना. म्हणाले, मुंबईला सर्व्हिसिंगला पाठवलाय. वाडीतही तेच सांगितलं. आणि वर बाजारातून येताना खिशात कडक इस्त्रीचा रुमाल, तोंडात पान. कुणी विचारलं की काय आत्माराम, कसा धंदा? की हे म्हणणार, झक्कास.

पौषात भिकू आला. नेहमी येताना खाऊ आणायचा तुळसाला, त्या दिवशी रिकामा आला. मी कुळथाची पिठी आणि सुकट केली, तो जेवला, पाणी प्याला, मग खाली मान घालून म्हणाला, राही, दिवाळीपासून माझ्या पगारातनं कापतायत. मला काही कळेना. काय कापतायत, मी म्हटलं. तर हप्ता. आमच्या सेटचा हप्ता माझ्या भावाच्या पगारातून जात होता. ह्यांना सगळं ठाऊक होतं. ह्यांनीच त्याला सांगितलं होतं की राहीला बोलू नकोस, मी महिन्याभरात सगळं भरतो. त्याने तरी किती दिवस मूग गिळून बसायचं? घरात त्याची बायको रोज बोलत होती, आणि बोलणारच, तिचीही दोन पोरं होती.

त्या संध्याकाळी माझ्या तोंडाचा पट्टा सुटला, त्याचा आवाज वाडीने ऐकला असेल, शब्द कळले नसतील. हे ओट्यावर बसून राहिले. शेवटी म्हणाले, तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाय. मला इतकी चीड आली. माझ्या भावाच्या पोरांच्या तोंडचं काढून मला त्रास नको! त्या दिवसापासून निरोप तुळसातर्फे.

तरी मी मनाशी हिशेब बांधला होता. घरामागे आमची हापूसची कलमं आहेत, सासऱ्यांनी लावलेली. बाजारातला गंगारामशेट दर साली त्यांचं फळ घ्यायचा. तेवढंच आमचं खात्रीचं उत्पन्न. मी ठरवलं, कलमांचा पैसा आला की तो थेट पतपेढीत. आणि मी काजूच्या कारखान्यात जायचं. तिथं काजू फोडताना चिकाने हात काळे होतात, सालं निघतात, पण दर आठवड्याला पगार मिळतो. दोन-चार वर्षं पोटाला चिमटा घेतला असता तर भिकू मोकळा झाला असता. हे मी तुळसातर्फे नाही, समोर बसून ह्यांना सांगितलं. ह्यांनी मान हलवली. मला वाटलं, चला, समजलं.

कसलं समजलं. शिमगा जवळ आला तसे वाडीतले एकेक विचारायला लागले. आत्माराम, छत्र केवढं करतोस? पालखीवर बसेल ना? जाईबाई मला विहिरीवर म्हणाली, आमच्या वाडीचं नाव होईल बाई. मी घरी आले आणि पुन्हा समोर बसले. विचारलं, छत्राचं काय? तर म्हणाले, सोनाराला सांगितलंय. मी म्हटलं, पैसे? इकडे तिकडे बघितलं, खाकरले, आणि मग सांगितलं की गंगारामशेट कलमांची पाच वर्षांची पिकं लिहून घेतोय, रोख पैसे लगेच देतोय.

पाच वर्षं. म्हणजे हप्ते भिकूच्या पगारातून, आणि आमच्या कलमांचे आंबे गंगारामशेटच्या पेट्यांत. पण मी ओरडले नाही. मला वाटतं, खरा राग आला की मी ओरडत नाही.

“देवीनं तुमचा धंदा चालवलान काय?” मी विचारलं.

“नाय.”

“मग छत्र कसलं? नवस फळला तर फेडायचा. न फळलेला कोण फेडतो?”

म्हणाले, लोकांना काय सांगू? मी सगळ्यांना धंदा जोरात हाय म्हणून सांगितलंय. आता छत्र नाय चढवलं तर म्हणतील, देवीनं दिलं आणि ह्यानं बुडवलं. देवीचं देणं बुडवणारा म्हणून नाव होईल.

“अहो, तिनं दिलं नाही, तरी ‘दिलं’ म्हणून तुम्ही छत्र चढवणार. तिच्या तोंडावर खोटं बोलणार. ते चालतं तुम्हाला?”

मी उठले. उठताना जे सांगितलं ते सगळं विचार करून सांगितलं होतं. म्हटलं, तुम्ही त्या कागदावर सही केलीत की मी तुळसाला घेऊन भिकूकडे जाणार. पालखी खळ्यात आली तरी ओटी भरायला मी नसेन. लोक विचारतील, घरची लक्ष्मी कुठाय, तेव्हा काय सांगायचं ते सांगा, तुम्हाला सवय आहे.

ही धमकी साधी नव्हती. पालखी दारात आणि ओटी भरायला घरची बाई नाही, असं आमच्याकडे सुतक सोडलं तर होत नाही. पण ‘नाही करत सही’ असं काही ते म्हणाले नाहीत.

पालखी आमच्या घरी यायची ती दुपारची. त्या दिवशी सकाळी हे आंघोळ करून, डोक्याला तेल लावून रत्नागिरीला निघाले. कुठे जाताय हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तुळसा म्हणाली, बाबा, पालखी येणार ना आज? येतो गो तोवर, म्हणाले आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरून गेले.

मी सगळं केलं. खळं सारवलं, रांगोळी काढली, पाट मांडला, पुरणाचा नैवेद्य केला. हातांची सवय असते, ते आपलं काम करतात. आणि मधल्या वेळेत माझी दोन लुगडी आणि तुळसाचे कपडे, पाटी, पुस्तकं पिशवीत भरली. पिशवी दाराआड ठेवली. तुळसाने बघितलं. ती नुसती पिशवीजवळ जाऊन बसली. त्या क्षणाला मला इतकं रडू आलं की मी विहिरीवर पाण्याला म्हणून निघून गेले.

विहिरीवर मी देवीला म्हटलं, बाई, तुझं छत्र तुला लखलाभ, माझं घर मोडू नकोस. मग मलाच वाटलं, ती काय करणार. तिने कुठे मागितलं होतं छत्र.

ढोल वरच्या आळीत वाजायला लागले तरी ह्यांचा पत्ता नव्हता. मग दगडी गडग्यापलीकडे देवीचं निशाण दिसलं, पोरांचा कालवा ऐकू आला, आणि पालखीच्या पुढे पुढे धापा टाकत हे येताना दिसले. घामाने सदरा चिकटलेला. आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं.

छत्र. म्हणजे सही झाली. मी दाराआडच्या पिशवीकडे बघितलं. पण पालखी खळ्यात शिरली होती, आणि देवीला तसंच उभं ठेवून जायला पाय उचलेना. मनात म्हटलं, ओटी भरते, देवीची माफी मागते, आणि लोक गेले की निघते. खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं. हे जवळ आले, ते पुडकं माझ्या ताटात ठेवलं आणि बाजूला जाऊन उभे राहिले. मी कागद सोडला. आत खण होता आणि नारळ. ओटीचं सामान, दुसरं काही नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझ्याकडे बघेनात.

मी ओटी भरली. माणसं सगळी आमच्या खळ्यात गोळा झाली होती, कारण आज छत्र चढणार हे सगळ्यांना ठाऊक. आपल्या घराला पालखी येऊन गेली की बाकीचे घरी जाऊन पडतात, पण त्या दिवशी कुणी हललं नाही. बायका गडग्यावर चढून बसल्या होत्या. केरूतात्याने नारळ हातात घेतला, खाकरून घसा साफ केला. ह्यांनी जाऊन कानात काही सांगितलं नाही. केरूतात्याला वाटलं, सांगायचं काय, सगळं ठरलेलंच आहे. त्याने सुरुवात केली.

“आई नवलाई म्हाराजा, आज तुझी पालखी ह्या लेकराच्या खळ्यात आली.”

“व्हय म्हाराजा.”

“गेल्या शिमग्याला ह्यानं तुला शब्द दिलान. तू ह्याचं ऐकलंस, ह्याच्या धंद्याला बरकत दिलीस...”

“थांब केरूतात्या,” हे म्हणाले.

गाऱ्हाण्यात मधे कुणी बोलत नाही. मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. ढोलवाल्याच्या हातातली काठी खाली पडली.

“बरकत दिली नाय,” हे म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू येत होतं. “धंदा बसला. सेट माळ्यावर पडलाय, जनरेटर विकला. मी कर्जात हाय आणि हप्ते माझा मेहुणा भरतोय. तुम्हाला मी सगळं खोटं सांगितलं. छत्र मी आणलेलं नाय. नवस फळला नाय, तर फळला म्हणून देवीला सांगू नको.”

मी खोटं सांगणार नाही, मला आधी लाज वाटली. एवढ्या माणसांत आपलं घर उघडं पडलं की बाईला आधी लाजच वाटते. मग मी समोरच्या माणसांकडे बघितलं. तीन-चार जण एकदम जमिनीकडे बघायला लागले होते. कुणी पूजेला व्हिडिओ नेऊन पैसे ठेवलेत ते मला तोंडपाठ होतं. तेच होते ते. आणि माझी लाज तिथल्या तिथं पळाली.

केरूतात्या मात्र वैतागला. म्हणाला, अरे, हे आधी कानात सांगायचं नाय काय? गाऱ्हाणं मोडलंस माझं. आता परत पहिल्यापासून घालायला लागणार, आणि खालच्या आळीतली सगळी घरं अजून राहिलीत. गडग्यावरच्या बायकांत कुणीतरी फिसकन हसली. केरूतात्याने नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि विचारलं, “बरं, मग आता मागू काय?”

ह्यांना ते सुचलंच नव्हतं. छत्राचं सांगायचं एवढंच बहुतेक रस्ताभर घोकत आले होते. कावरेबावरे झाले, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, आपणहून, मधे तुळसा नसताना.

बायका गाऱ्हाण्यात बोलत नाहीत. पण आज एवढं मोडलंच होतं. मी ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि म्हटलं, “केरूतात्या, पैसे नका मागू. कर्ज आमचं आम्ही फेडू. ह्यांना घरात खरं बोलायची बुद्धी दे म्हणावं.”

केरूतात्याने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. त्याच्या मिशीत हसू आलं, पण आवाज त्याने देवळातला ठेवला.

“आई नवलाई म्हाराजा, ह्या लेकराला भायेर काय बोलायचं ते बोलू दे. पण घरात, चुलीपुढं, आपल्या बायकोसमोर खरं बोलायची बुद्धी दे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

तसा आवाज मी आमच्या वाडीत ना त्याआधी ऐकला ना नंतर. गडग्यावरच्या बायकांनी दिला तो. एरवी बायका तोंडातल्या तोंडात म्हणतात, त्या दिवशी जाईबाईने तर हात वर करून म्हटलं, आणि आपल्या नवऱ्याकडे बघत म्हटलं. पुरुष हसायला लागले. हेही हसले, खाली मान घालून. मग पालखी नाचली आणि खालच्या आळीला गेली.

आता पुढचं सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. कर्ज काही देवीने फेडलं नाही. जाताना भावकीतला धोंडू परत फिरून आला आणि गणपतीतल्या व्हिडिओचे पैसे माझ्या हातात ठेवून गेला, मग लाजेकाजेने बाकीचेही दोघे-तिघे आले. एक अजून यायचा आहे, त्याचं नाव मी घेत नाही, पण तो हे वाचेल तर त्याला कळेल. सेट पडेल भावाने विकला. हे रत्नागिरीत एका कारखान्यात मोटारींचं वायंडिंग करायला लागले. मी काजूला गेले. हात असे काळे झाले की तुळसा माझ्या हातचा घास घेताना आधी वास घ्यायची. कलमांचं फळ दर साली विकलं, एकेक सालाचं, आणि पैसा पतपेढीत टाकला. आधी भिकू मोकळा झाला, मग बऱ्याच वर्षांनी आम्ही. त्या वर्षांत भांडलो नाही असं नाही. भरपूर भांडलो. पण समोरासमोर भांडलो.

मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं. पालखी गेल्यावर खळ्यात गुलाल आणि नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या, मी झाडत होते. तुळसा पोरांबरोबर पालखीमागे गेली होती. हे ओट्याच्या पायरीवर बसले होते. मी मनातून खूष होते. लपवून काय करू, फार खूष होते. मला वाटत होतं, माणूस इतका कागदापर्यंत गेला आणि माझ्या शब्दासाठी परत आला. मी जाईन म्हटलं म्हणून त्याने कलमं सोडली नाहीत, वाडीसमोर स्वतःची अब्रू काढली, ती माझ्यासाठी. झाडू मारता मारता मी विचारलं, विचारायचं म्हणून, उत्तर मला ठाऊकच होतं.

“मी भिकूकडे जाईन म्हटलं, म्हणूनच सही केली नाहीत ना?”

त्यांनी ‘व्हय’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. मला ते हवंच होतं, मी हसून चहा टाकला असता.

“नाय,” ते म्हणाले. “तू जाशील असं मला वाटलंच नव्हतं. मी सही करणार होतो.”

माझा झाडू थांबला.

म्हणाले, सकाळी आधी सोनाराकडं गेलो, छत्र बघितलं. छान झालं होतं, पैसे घेऊन येतो म्हटलं. मग गंगारामशेटच्या वखारीत गेलो. कागद तयार होता. पण शेट जेवायला उठला, म्हणाला बस, येतो. मी बाकावर बसून राहिलो. बसल्या बसल्या मनात आलं, आज हे चढवलं की उद्या लोक म्हणणार, ह्याचं बरं चाललंय. मग पुढच्या शिमग्याला परत काहीतरी चढवायला लागणार. त्याच्या पुढच्या शिमग्याला परत. मला भीती वाटली. शेट यायच्या आत उठलो आणि चालत सुटलो.

“म्हणजे त्या शेटला भूक लागली नसती तर?”

“तर सही झाली असती.”

“आणि मी आत्ता भिकूकडे असते.”

“व्हय,” ते म्हणाले.

मला राग आला. असा राग आला की झाडू त्यांच्या अंगावर टाकावासा वाटला. दिवसभर जिवाचं पाणी झालं होतं माझं, आणि ह्या माणसाने मला धरलंच नव्हतं हिशेबात. पण त्याच वेळी मला कळत होतं, की हे मला सांगायची त्यांना काही गरज नव्हती. हे त्यांच्या फायद्याचं नव्हतं. एक शब्द खोटा बोलले असते तर मी जन्मभर तो खरा धरून चालले असते, आणि मला सुख झालं असतं. केरूतात्या जवळ नव्हता, ढोल खालच्या आळीत वाजत होते, ऐकायला कुणी नव्हतं. तरी ते खरं बोलले होते.

मी झाडू भिंतीला लावला. त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, मधे हातभर जागा ठेवून, कारण राग गेला नव्हता.

“आता बाकीचं सांगा,” मी म्हटलं. “मला ठाऊक नाही ते सगळं.”

“बरंच हाय,” ते म्हणाले.

“असू दे.”

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि सांगायला सुरुवात केली.